उपग्रहचित्रांवरून वणव्याचा धूर आणि हवेतील धूळ यांचा माग कसा काढावा

उपग्रहाच्या चित्रात एखाद्या प्रदेशावर करडा किंवा पिवळसर पट्टा पसरलेला दिसला, तरी तो धूर आहे, धूळ आहे, धुके आहे की विरळ ढग आहे, हे एवढ्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी चार प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी शोधावी लागतात: हा लोट निघाला कुठून, तो कशाचा आहे, किती उंचीवर आहे आणि जमिनीलगतच्या हवेत उतरला आहे का. या चारही प्रश्नांची उत्तरे एकटा कोणताही उपग्रह देत नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे हाती आली, की चौथ्याचे उत्तर गृहीत धरले जाते, आणि बहुतेकांची फसगत नेमकी तिथेच होते. पुढील पायऱ्या हे लक्षात ठेवूनच लावल्या आहेत. त्यांसाठी लागणारी चित्रे ब्राउझरमध्ये विनामूल्य पाहता येतात आणि प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही. मात्र एकाच घटनेची चार-पाच प्रकारची चित्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहण्याची चिकाटी हवी.

पहिली पायरी: कोणता उपग्रह केव्हा पाहतो हे समजून घेणे

या कामाला दोन प्रकारचे उपग्रह उपयोगी पडतात. ध्रुवीय कक्षेतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ७०० ते ८५० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि एखाद्या ठिकाणावरून दिवसाउजेडी साधारण एकदाच जातात. ‘नासा’चे टेरा (१९९९) व अॅक्वा (२००२) हे उपग्रह आणि त्यांच्यावरील मोडिस हे उपकरण, तसेच सुओमी एनपीपी (२०११), नोआ-२० (२०१७) आणि नोआ-२१ (२०२२) यांवरील व्हीआयआयआरएस हे उपकरण या गटात येतात. त्यांची चित्रे बारकाव्यांनी भरलेली असतात. मोडिसच्या काही तरंगलांबी-पट्ट्यांत २५० मीटरपर्यंतचा तपशील मिळतो. दुसरा गट भूस्थिर उपग्रहांचा. अमेरिकेचे गोज, जपानचे हिमावारी, युरोपचे मेटिओसॅट आणि भारताचे इन्सॅट हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर एका जागी स्थिर असल्यासारखे राहतात. गोज व हिमावारी पृथ्वीच्या पूर्ण चकतीचे चित्र दर दहा मिनिटांनी घेतात, म्हणून तपशील थोडा कमी असला तरी लोटाची हालचाल त्यांच्यातच दिसते.

वेळेचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तो सुरुवातीलाच पक्का करावा. व्हीआयआयआरएस असलेले उपग्रह स्थानिक वेळेनुसार दुपारी दीडच्या आसपास विषुववृत्त ओलांडतात. टेरा पूर्वी सकाळी साडेदहाला आणि अॅक्वा दुपारी दीडला जात असे. आता त्यांची कक्षा पूर्वीसारखी जागच्या जागी राखली जात नसल्याने टेराची वेळ आधीची आणि अॅक्वाची वेळ नंतरची होत गेली आहे. अनेक वर्षांची चित्रे एकमेकांशी ताडून पाहणाऱ्याने हे विसरू नये. वणवे पुष्कळदा दुपार कलल्यावर जोर धरतात, म्हणजे ध्रुवीय उपग्रह निघून गेल्यानंतर. म्हणून दीड वाजताच्या चित्रात लहान दिसलेला लोट लहानच राहिला असे मानू नये. संध्याकाळपर्यंतचे काम भूस्थिर उपग्रहाकडे सोपवावे. सर्व चित्रांवरील वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, तिचे स्थानिक वेळेत रूपांतर करून ती बाजूला लिहून ठेवावी.

दुसरी पायरी: नैसर्गिक रंगांचे चित्र उघडणे

सुरुवात ‘नासा वर्ल्डव्ह्यू’ या संकेतस्थळापासून करणे सर्वांत सोपे. खालच्या पट्टीवर तारीख निवडावी, डावीकडील यादीत ‘करेक्टेड रिफ्लेक्टन्स, ट्रू कलर’ हा लेयर घ्यावा आणि टेरा, अॅक्वा, नोआ-२० असे तीन लेयर एकावर एक ठेवून प्रत्येक आलटून-पालटून चालू-बंद करावा. सकाळ आणि दुपार यांमधला फरक असा एका क्लिकवर दिसतो. घटना शोधताना तिच्या आधीच्या दोन-तीन स्वच्छ दिवसांचे चित्र अवश्य पाहावे; त्या भागातील जमीन, मीठागरे, कोरडी नदीपात्रे मुळात कोणत्या रंगाची आहेत हे ठाऊक नसेल, तर जमिनीलाच धूळ समजण्याची चूक सहज होते.

धुराचा लोट उगमाशी अरुंद आणि दाट असतो, वाऱ्याच्या दिशेने पंख्यासारखा पसरतो आणि त्याचा रंग करडा ते निळसर असतो. जुना, फार दूर गेलेला धूर तपकिरीकडे झुकतो. धूळ वाळवंटी पिवळी, तांबूस किंवा बदामी दिसते, आणि ती अनेक ठिकाणांहून एकाच वेळी उठल्यास वाऱ्याला समांतर अशा रेघा तयार होतात. दोन्हींच्या कडा मऊ असतात, ढगाच्या कडा मात्र बहुधा ठसठशीत असतात आणि दाट ढगाची सावली जमिनीवर पडलेली दिसते. जमिनीवरील नद्या, रस्ते, शेतांचे तुकडे पट्ट्यातून धूसर का होईना दिसत असतील, तर तो पट्टा दाट ढग नाही एवढे नक्की.

या चित्राच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. फिकट वाळवंटावरची धूळ जवळजवळ दिसतच नाही, आणि तीच धूळ समुद्रावर आली की गडद पाण्याच्या पार्श्वभूमीवर लगेच उठून दिसते. म्हणून लोट किनाऱ्यावरूनच सुरू झाला असा भास होतो. समुद्रावर सूर्याचे प्रतिबिंब पडते तिथे रुपेरी पट्टा उमटतो, त्याला धूर म्हणू नये. तिसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. वर्ल्डव्ह्यूवरील एका दिवसाचे चित्र हे उपग्रहाच्या अनेक फेऱ्यांचे पट्टे जोडून केलेले असते आणि शेजारच्या दोन पट्ट्यांत सुमारे शंभर मिनिटांचे अंतर असते. जोडावर लोट तुटल्यासारखा किंवा एकदम सरकल्यासारखा दिसला, तर ते त्या शंभर मिनिटांतले वाऱ्याचे काम असते. विषुववृत्ताजवळ मोडिसच्या पट्ट्यांमध्ये रिकाम्या फटीही राहतात. व्हीआयआयआरएसचा पट्टा तीन हजार किलोमीटरहून रुंद असल्याने त्यात त्या राहत नाहीत.

भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांत आणखी एक भास होतो. धुराचे सूक्ष्म कण प्रकाश मागे परतवण्यापेक्षा पुढच्या दिशेने जास्त विखुरतात. त्यामुळे सूर्य क्षितिजाजवळ असताना, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी, धूर भरघोस दिसतो आणि भर दुपारी तो विरल्यासारखा वाटतो. संध्याकाळी ‘अचानक वाढलेला’ धूर अनेकदा दिवसभर तिथेच असतो.

तिसरी पायरी: उगम शोधणे

धुराच्या बाबतीत हे काम ‘फर्म्स’ या ‘नासा’च्या सेवेमुळे सोपे झाले आहे. मोडिस आणि व्हीआयआयआरएस सुमारे ४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मीटरचा दशलक्षावा भाग) तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशात आजूबाजूपेक्षा असाधारण तापलेल्या जागा टिपतात आणि त्या उपग्रह गेल्यापासून साधारण तीन तासांच्या आत नकाशावर ठिपक्यांच्या रूपात येतात. हेच ठिपके वर्ल्डव्ह्यूवर ‘फायर्स अँड थर्मल अॅनोमलीज’ या लेयरमधून चित्रावर चढवता येतात. लोटाची निमुळती बाजू ज्या ठिपक्यांच्या समूहाशी जाऊन मिळते, तो उगम.

ठिपका म्हणजे आगीचा आकार नव्हे. व्हीआयआयआरएसचा ठिपका ३७५ मीटरच्या आणि मोडिसचा एक किलोमीटरच्या चौकटीचा मध्यबिंदू असतो. त्या चौकटीत कुठेतरी पुरेशी उष्णता आहे, एवढाच त्याचा अर्थ. तेलक्षेत्रांतील जळता वायू, ज्वालामुखी आणि मोठ्या भट्ट्याही ठिपके देतात. असे ठिपके महिनोन्महिने एकाच जागी राहतात, म्हणून मागच्या महिन्याचा नकाशा उघडला की ते ओळखता येतात. उलट, दाट ढगाखालची आग ठिपका देतच नाही. ठिपक्यासोबत मेगावॉटमध्ये दिलेली ‘फायर रेडिएटिव्ह पॉवर’, म्हणजे आगीतून बाहेर पडणाऱ्या उष्णतेची शक्ती, अवश्य पाहावी, कारण शेतातील काडीकचरा जाळल्याचे शेकडो दुबळे ठिपके आणि जंगलातील मोजके पण प्रखर ठिपके यांचे धूर वेगळ्या उंचीवर जातात.

धुळीला असा ठिपका नसतो. तिचा उगम भूगोलावरून शोधावा लागतो: आटलेल्या तलावांचे तळ, कोरडी पूरमैदाने, वाळवंटाच्या कडेची उघडी जमीन. चाडमधील बोदेले खोलगट भाग हा जगातील धुळीच्या सर्वांत मोठ्या उगमांपैकी एक. तो एका प्राचीन विशाल सरोवराचा आटलेला तळ आहे आणि दोन डोंगररांगांमधून येणारा वारा तिथली बारीक पूड उचलतो. रेघा जिथून सुरू होतात ती जागा स्वच्छ दिवसाच्या चित्रात नीट पाहिली, तर असा फिकट तळ तिथे बहुधा सापडतो.

चौथी पायरी: धूर आणि धूळ वेगळी करणे

साऱ्या पद्धतीचा गाभा इथे आहे, म्हणून इथे घाई करू नये. धुराचे बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षा लहान असतात, धुळीच्या वजनाचा बराचसा भाग त्याहून मोठ्या कणांत असतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, धुळीत नसतो. धूळ ही खनिजांची असल्याने विशिष्ट अवरक्त तरंगलांबी शोषते, धूर त्या तरंगलांबीला जवळजवळ पारदर्शक असतो. या तीन फरकांवर तीन स्वतंत्र तपासण्या उभ्या आहेत.

पहिली तपासणी मोडिसच्या ७-२-१ या क्रमांकांच्या तरंगलांबी-पट्ट्यांच्या चित्राची. वर्ल्डव्ह्यूवर ती त्याच ‘करेक्टेड रिफ्लेक्टन्स’ गटात मिळते. व्हीआयआयआरएससाठी तिचे नाव एम११-आय२-आय१ असे आहे. यातील लाल घटक सुमारे २.१ मायक्रॉनच्या प्रकाशाचा असतो. कण तरंगलांबीच्या मानाने फार लहान असला, तर प्रकाश त्याला फारसा अडत नाही. म्हणून नैसर्गिक रंगांत जमीन झाकून टाकणारा धूर या चित्रात विरतो, किंचित निळसर झाक उरते, आणि खाली वनस्पतींचा हिरवा, जळालेल्या जमिनीचा तांबूस-तपकिरी व चालू आगीचा झगझगीत लाल-केशरी रंग दिसू लागतो. धुळीचे मोठे कण २.१ मायक्रॉनलाही अडवतात, त्यामुळे धूळ अशी नाहीशी होत नाही. दोन्ही चित्रे एकाच ठिकाणी आलटून-पालटून पाहिली, की फरक काही सेकंदांत कळतो. बर्फाचे ढग या चित्रात निळसर-हिरवे आणि पाण्याच्या थेंबांचे ढग पांढरे दिसतात, हा आणखी एक फायदा.

दुसरी तपासणी ‘डस्ट आरजीबी’ या चित्राची. हे मुळात मेटिओसॅटसाठी तयार झाले आणि आज गोज व हिमावारीसाठीही उपलब्ध आहे. कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील ‘सिरा’ या संस्थेच्या ‘स्लायडर’ या संकेतस्थळावर त्याचे चलच्चित्र पाहता येते. त्यात १२.० व १०.८ मायक्रॉनमधील तापमानाचा फरक लाल रंगाला, १०.८ व ८.७ मधील फरक हिरव्याला आणि १०.८ मायक्रॉनचे तापमान निळ्याला दिलेले असते. धूळ १०.८ मायक्रॉनचे प्रारण १२ मायक्रॉनपेक्षा जास्त शोषते, त्यामुळे लाल वाढतो. हिरवा फरक लहान राहतो, आणि खालचा भाग उबदार असल्याने निळाही भरपूर असतो. परिणामी धूळ गडद गुलाबी-जांभळी दिसते. हे चित्र सूर्यप्रकाशावर अवलंबून नसल्याने रात्रीही चालते, आणि फिकट वाळवंटावरची धूळही त्यात सापडते. त्याची दुबळी बाजू दमट हवा ही आहे: धुळीच्या थरात व त्यावर बाष्प जास्त असेल, तर गुलाबी रंग फिका होतो आणि लोट संपल्याचा भास होतो. ज्वालामुखीची राखही या फरकात धुळीसारखी वागते, तेव्हा जवळ जागृत ज्वालामुखी असल्यास निष्कर्ष राखून ठेवावा. या चित्रात धूर शोधण्यात मात्र वेळ घालवू नये; तो तिथे दिसत नाही, आणि न दिसणे हाच पुरावा आहे.

तिसरी तपासणी वायूची आणि अतिनील प्रकाशाची. युरोपचा सेंटिनेल-५पी हा उपग्रह २०१७ पासून ट्रोपोमी या उपकरणाने कार्बन मोनॉक्साइड मोजतो. करडा लोट आणि वाढलेला कार्बन मोनॉक्साइड एकाच आकारात एकमेकांवर पडत असतील, तर तो धूरच. शहरे व उद्योगही हा वायू सोडतात, म्हणून आकार जुळणे महत्त्वाचे, नुसता वाढलेला आकडा नव्हे. ट्रोपोमी आणि ओएमपीएस ही उपकरणे ‘एरोसोल इंडेक्स’ (एरोसोल म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म कण) हा निर्देशांकही देतात. अतिनील प्रकाश शोषणारे कण, म्हणजे धूर, धूळ आणि राख, त्यात उठून दिसतात, आणि ते ढगांच्या किंवा बर्फाच्या वर असले तरी दिसतात; इतर कोणत्याही चित्रात हे इतके सहज साधत नाही. पण हा निर्देशांक उंचीवर फार अवलंबून असतो. जमिनीलगतचा दाट धूर त्यात फिका आणि दहा किलोमीटरवरचा विरळ धूर ठळक दिसू शकतो. धूर आणि धूळ यांत तो भेद करत नाही, ते काम आधीच्या दोन तपासण्यांचे.

पाचवी पायरी: प्रमाण आणि उंची

लोट किती दाट आहे हे ‘एरोसोल ऑप्टिकल डेप्थ’ या मापाने सांगतात. स्वच्छ हवेत ते ०.१ किंवा त्याहून कमी असते. ते १ असेल, तर डोक्यावरच्या सूर्याचा थेट प्रकाश सुमारे ३७ टक्केच खाली पोहोचतो. या लेयरवर जिथे रंगच नाही, रिकामी जागा आहे, तिथे हवा स्वच्छ आहे असे समजणे ही मोठी चूक ठरते. अतिशय दाट धूर गणनपद्धतीला ढग वाटतो आणि तो भाग गाळला जातो, म्हणून लोटाच्या सर्वांत दाट गाभ्यातच पुष्कळदा भोक पडलेले असते. नैसर्गिक रंगांचे चित्र खाली ठेवून वर हा लेयर अर्धपारदर्शक केला, की हे भोक लगेच लक्षात येते.

हे माप जमिनीपासून वातावरणाच्या माथ्यापर्यंतच्या संपूर्ण स्तंभाचे आहे. थर कोणत्या उंचीवर आहे हे त्यातून कळत नाही. उंची थेट मोजायची तर लेझर हवा. कॅलिप्सो या उपग्रहाने २००६ ते २०२३ असे काम केले, आणि मे २०२४ मध्ये सोडलेला अर्थकेअर आता ते करतो. पण लेझरची रेघ अतिशय अरुंद असते, ती नेमकी आपल्या लोटावरून जाईलच असे नाही. तेव्हा अप्रत्यक्ष खुणा वापराव्यात: लोटाची सावली ढगांवर पडते का, तो ढगांच्या वरून जातो की खालून, त्याची दिशा कोणत्या उंचीच्या वाऱ्याशी जुळते. सहारातील धूळ अटलांटिक ओलांडते ती बहुधा दीड ते सहा किलोमीटरच्या दरम्यानच्या कोरड्या थरातून. प्रचंड वणव्यांवर उभे राहणारे गडगडाटी ढग मात्र धूर थेट स्थितांबरात पोहोचवतात, जसे २०१९-२० च्या ऑस्ट्रेलियातील वणव्यांत घडले.

वाऱ्याशी जुळणी करण्यासाठी अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेचे ‘हायस्प्लिट’ हे साधन वापरता येते. आपले ठिकाण आणि वेळ देऊन ‘मागे जाणारा’ मार्ग काढायचा, आणि तो एकाच नव्हे तर ५००, १५०० व ३००० मीटर अशा तीन उंचींवर काढायचा. तिन्ही मार्ग एकाच आगीच्या किंवा उगमाच्या दिशेने गेले, तर प्रश्न सुटला. ते पांगले, तर लोटाच्या चलच्चित्राशी ज्या उंचीचा मार्ग जुळतो ती उंची संभाव्य मानावी. युरोपच्या ‘कॅम्स’ सेवेचे अंदाजही यासाठी चांगले आहेत, परंतु ते संगणकीय प्रतिमान आहे, निरीक्षण नाही, हे नोंदीत वेगळे ठेवावे.

सहावी पायरी: जमिनीवर काय आहे

२०२३ च्या जूनमधील कॅनडाचा धूर या पायरीसाठी उत्तम सराव आहे, कारण त्यात दोन्ही बाजू एकाच महिन्यात सापडतात. वर्ल्डव्ह्यूवर ६ जून २०२३ ही तारीख घ्यावी आणि आगीचे ठिपके चालू करावेत. क्यूबेक प्रांतात ठिपक्यांचे समूह दिसतात. किनाऱ्याजवळ कमी दाबाच्या क्षेत्राचा ढगांचा भोवरा आहे, आणि उत्तर गोलार्धात असे भोवरे घड्याळाच्या उलट फिरत असल्याने त्याच्या पश्चिम अंगाने वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. ७ जूनला जावे: धूर त्याच वाटेने न्यूयॉर्कवर उतरलेला दिसतो. त्या दिवशी शहरातील जमिनीवरच्या केंद्रांनीही पीएम २.५ चे (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचे) अत्यंत वाईट प्रमाण नोंदवले. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात याच हंगामातील धूर अटलांटिक ओलांडून पश्चिम युरोपवर पोहोचला. चित्रांत तो स्पष्ट होता, आकाश धुरकट झाले, पण थर बराच उंचावर असल्याने जमिनीवरच्या हवेवर परिणाम तुलनेने थोडा झाला. दोन्ही दिवसांची चित्रे शेजारी ठेवली, तर नुसत्या रंगावरून हा फरक ओळखता येत नाही.

म्हणून शेवटची तपासणी नेहमी जमिनीवरच्या मापनाची. जवळच्या केंद्रांचे ताशी आकडे घ्यावेत आणि पीएम २.५ व पीएम १० यांचे गुणोत्तर पाहावे: धुरात बारीक कणांचा वाटा मोठा असल्याने दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ येतात, धुळीत पीएम १० कितीतरी पुढे जातो. एरोनेट या जाळ्याचे सूर्यप्रकाश मोजणारे केंद्र जवळ असेल, तर तेथील ‘अँगस्ट्रॉम घातांक’ (कण जितके लहान, तितका मोठा येणारा आकडा) पाहावा. धुळीत तो शून्याच्या जवळ राहतो, ताज्या धुरात दीडच्या वर जातो. आकडे चढण्याची वेळही बोलकी असते. सकाळी ऊन तापून हवा ढवळू लागल्यावर पीएम २.५ वाढला, तर रात्रभर वर थांबलेला थर खाली मिसळला असण्याची शक्यता असते. पहाटेच वाढला, तर स्थानिक उगमाचा आधी विचार करावा.

नोंद लिहिताना उपग्रह, उपकरण, लेयर आणि यूटीसी वेळ ही चारही प्रत्येक चित्राखाली द्यावीत, आणि ‘दिसले’ व ‘अनुमान’ यांसाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवावेत. पहिल्या रकान्यात ‘७-२-१ मध्ये लोट विरला, डस्ट आरजीबीमध्ये गुलाबी रंग नाही, पीएम २.५ मध्ये बदल नाही’ असे लिहिले, की दुसऱ्या रकान्यात ‘उंचावरून जाणारा धूर’ एवढेच लिहिता येते. चित्र कोणत्या दिवशी उतरवून घेतले तेही लिहावे, कारण काही तासांत मिळणारी माहिती तातडीच्या प्रक्रियेतली असते आणि नंतर ती प्रमाणित आवृत्तीने बदलली जाते. आज दिसलेला एखादा ठिपका पुढच्या महिन्यात तिथे नसू शकतो.